तू पट्टा बाहेरून घातलास

फिलूमावशी, तुला माती देऊन आज अठरा दिवस झाले. परवा तुझ्या सेलीन वहिनींनी फोन करून मला पापडीला बोलावलं. तुझ्या शिवणाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "वृषाली, आमाला त्यातलं काय कळत नाय. काय ठेवायचं, काय कोनाला द्यायचं, ते तूच बघ."

मी आत गेले आणि तासभर स्टुलावर नुसती बसून राहिले. टेबलावर एका नवरीच्या गाऊनची बाही अर्धी टाचलेली होती. सुई तशीच कापडात. मी कशालाच हात लावला नाही. तुला विचारल्याशिवाय त्या खोलीत कशाला हात लावायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी शिकले होते. किल्ली परत वहिनींना दिली, 'पुढच्या आठवड्यात येते' म्हणाले आणि घरी आले. आज हे लिहायला बसलेय. तुला सांगायच्या गोष्टी बऱ्याच राहिल्यात. एक तर मी मुद्दाम ठेवली होती.

पण आधी तो पहिला दिवस. विरारमधल्या तीन शिंप्यांकडे हसं करून घेऊन मी तुझ्याकडे आले होते. एकाने विचारलं, "मॅडम, शाळेत गॅदरिंग आहे का?" दुसरा म्हणाला, "पाठीला चेन लावू, बाकी सगळं सेमच दिसतं." मग कॉलेजातल्या एका बाईंनी तुझं नाव सांगितलं. पापडीला चर्चमागच्या गल्लीत एक मावशी लग्नाचे गाऊन शिवतात, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला मुली घालतात ते पांढरे झगे शिवतात, त्यांना विचारून बघ. मी मोबाइल तुझ्यापुढे धरला. फोटोत एक बाई होती. कंबर आवळणारं घट्ट कॉर्सेट, मागून फुगवलेला घोळदार स्कर्ट, डोक्यावर उंच काळी टोपी, टोपीवर पितळी गॉगल आणि हातात भला मोठा पाना.

तू फोटो जवळ घेतलास, लांब धरलास. "ही कोन?"

"माहीत नाही. परदेशातली कोणीतरी आहे. याला स्टीमपंक म्हणतात. म्हणजे वाफेची इंजिनं कधी गेलीच नसती, वीज आलीच नसती, तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली माणसं पुढे कशी दिसली असती, अशी कल्पना करून कपडे शिवायचे."

"आनि ही बाई काम काय करते?"

"काम?"

"एवढा चष्मा, एवढी चाकं, हातात पाना. काम काय करते?"

"काही नाही हो. हौस आहे."

"हं," तू म्हणालीस. मग बोटाने त्या कॉर्सेटवरून रेघ ओढलीस. "ह्याला आतून हाडं लागतात. कापडाला एकट्याला उभं राहता येत नाय." आणि टेप न घेता उठून माझ्या मागे आलीस, दोन्ही तळवे माझ्या पाठीवर ठेवलेस. "श्वास घे. अजून घे. आता बोल काहीतरी." मी माझं नाव, पत्ता, बोळिंजमधल्या सोसायटीचं नाव सांगितलं. "आता खाली वाक." आजवर छातीचं, कमरेचं माप सगळ्यांनी घेतलं होतं. माझ्या श्वासाचं माप कुणी घेतलं नव्हतं. मी तुला 'अहो मावशी, तुम्ही' करत होते, तर तू म्हणालीस, "मावशीला कोन तुमी म्हनतं?" त्या दिवसापासून तू.

मी पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवते. पंधरा वर्षं मी फळ्यावर गिअर काढतेय, त्यांचे दाते मोजायला शिकवतेय. ते अंगावर घालता येतात, त्यांच्यासाठी कोट शिवता येतो, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं आणि मी वेडीच झाले. माझा नवरा महेश म्हणायचा, "दिवाळीला साडी घे म्हणून तुझ्या मागे लागावं लागतं, आणि हे काय?" मला त्याला नीट सांगता यायचं नाही. तुला सांगावंच लागलं नाही. तू पुढच्या शनिवारी ये म्हणालीस, आणि मी दीड वर्ष दर शनिवारी आले.

काय काय शिकले मी त्या खोलीत! तुझे भाऊ, बस्त्यावभाऊ, वसई पूर्वेला ज्या गाळ्यात कामाला जायचे तिथे मशीनच्या खोक्यांना बांधलेल्या पोलादी पट्ट्या निघायच्या. ते तुझ्यासाठी त्या गुंडाळून आणायचे. तू त्या कापायचीस, टोकं कानशीने घासून गोल करायचीस, त्यांना सुती फीत गुंडाळायचीस आणि कॉर्सेटच्या शिवणींतून आत सरकवायचीस. तीच झाली हाडं. पहिल्यांदा ते कॉर्सेट माझ्या अंगावर चढलं आणि मागून तू नाड्या ओढल्यास, तेव्हा मी आरशात वळून वळून बघत राहिले. मी त्यात सहज श्वास घेऊ शकत होते. असेच कपडे घालणाऱ्या माझ्या ग्रुपमधल्या मुली महागडी कॉर्सेटं घालून दोन तासांत धापा टाकायच्या, आणि मी त्यात वडापाव खायचे. मी सगळ्यांना तुझा पत्ता दिला. वर्षभरात आमच्या दहा-बारा जणांपैकी निम्म्यांच्या अंगावर तुझं शिवण होतं.

आपलं भांडण मात्र टोपीवरून सुरू झालं. मी जुन्या घड्याळांची पितळी चाकं आणून टोपीवर चिकटवली होती. तू टोपी हातात घेऊन एक चाक नखाने ढकललंस.

"हे फिरतं?"

"नाही. चिकटवलंय."

"मग कशाला?"

"छान दिसतं म्हणून."

"तू पोरांना पन असंच शिकवतेस?"

मला हसू आलं, पण तू हसत नव्हतीस. मग पुढचे कितीतरी शनिवार तोच विषय. मी म्हणायचे, सगळ्याच गोष्टी कामाला यायला हव्यात असं कुठंय, तू गाऊनवर मोती लावतेस ते काय काम करतात? तू म्हणायचीस, मोती आहे तो मोतीच म्हणून बसलाय, तो मशीन असल्याचं सोंग घेत नाही. चाक लावलंस तर ते फिरलं पाहिजे. अजूनही मला वाटतं की माझं बरोबर होतं. अजूनही मला तुझ्या मोत्याच्या उत्तराला उत्तर सापडलेलं नाही.

अशाच एका शनिवारी तू म्हणालीस, "मला एक फिरनारं काढून दे. तुला येतं ना? दोरी ओढून धरील, सोडनार नाय, असं. आनि मला वाटेल तेव्हा सुटलं पायजे."

मला वाटलं, तू वादात मला पेचात धरतेयस. मी म्हणाले, परीक्षा संपू दे. नंतर तू पुन्हा विचारलंस, तेव्हा पेपर तपासायचे होते. तिसऱ्यांदा विचारलंस, तेव्हा मी काय म्हणाले ते आठवतही नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आमच्या ग्रुपचं वसईच्या किल्ल्यात जमायचं ठरलं. थंडीच्या दिवसांतच हे कपडे घालवतात. तू म्हणालीस, मी कॉफी घेऊन येते. तू नेहमी म्हणायचीस, मी शिवते, घालत नाय. आणि तू नेहमी अंगावर शाल घ्यायचीस, उन्हाळ्यातसुद्धा. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर होता, पाठ एका बाजूला झुकलेली होती. मशीनवर चाळीस वर्षं वाकून बसल्याने असं होत असेल, असं मी धरून चालले होते. कधी विचारलं नाही.

किल्ल्यात नेहमीप्रमाणे दोन-तीन जोडप्यांची लग्नाआधीची फोटोगिरी चालली होती. एक ड्रोन घोंघावत होता. बस्त्यावभाऊंनी तुला स्कूटरवरून आणलं. तू उतरलीस, थर्मास त्यांच्या हातात दिलास आणि शाल काढून स्कूटरच्या सीटवर ठेवलीस.

मावशी, तो क्षण मी कसा सांगू? काळा लांब झगा, गळ्यापर्यंत बंद, मनगटाला पांढरी लेस. आणि त्यावर, सगळ्यांना दिसेल असा, जाड तांबूस चामड्याचा एक पट्टा. काखेपासून ओटीपोटापर्यंत. दोन्ही बाजूंनी पोलादाच्या उभ्या पट्ट्या, त्यातली एक तुझ्या पाठीच्या वळणाप्रमाणे वळवलेली. चामड्यावर तू मधाच्या रंगाच्या दोऱ्याने टीप मारली होतीस, रिबिटी घासून चकचकीत केल्या होत्या. बारा जण आम्ही, महिनोन्महिने खपून नटून आलेले. आमच्या टोप्या, आमचे गॉगल, आमची चिकटवलेली चाकं. तू चालत आलीस आणि आम्ही सगळे खेळातले वाटायला लागलो. एका मुलाने डोक्यावरची टोपी काढली.

तेवढ्यात फोटो काढायला आलेल्या एका कुटुंबातल्या काकूंनी विचारलं, "प्री-वेडिंग आहे का हो तुमचं? कुणाचं?"

"माझंच," तू म्हणालीस. बासष्टाव्या वर्षी. एक शब्द. काकू आधी बघतच राहिल्या, मग मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "मग अभिनंदन!" तू त्यांनाही कॉफी दिलीस.

नंतर पडक्या चर्चच्या पायरीवर बसून तू मला सगळं सांगितलंस. तेराव्या वर्षी तुझा कणा वाकायला लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी चामड्याचा आणि लोखंडाचा पट्टा दिला. तो झग्याखालून दिसू नये म्हणून तू शिवायला शिकलीस. मोठी होत गेलीस तसे नवे पट्टे स्वतःच शिवलेस. डॉक्टर म्हणाले, आता नाही घातला तरी चालेल, उपयोग नाही. पण त्याशिवाय तुला मशीनवर तासभरही बसवायचं नाही. आणि नाड्या मागे होत्या. रोज सकाळी कोणीतरी त्या ओढून बांधायला लागायचं. आधी तुझी आई, मग सेलीन वहिनी. भाऊ असला तरी पुरुष, त्याला कसं सांगणार? वहिनी बाळंतपणाला माहेरी गेल्या, तेव्हाचे पहिले तीन दिवस तू पडून काढलेस. चौथ्या दिवशी शेजारच्या बाईला लाजत लाजत हाक मारलीस.

"आता हे बघ," तू म्हणालीस. कमरेच्या उजव्या बाजूला, हात सहज पोचेल तिथे, सायकलचं फ्रीव्हील, एकाच बाजूला फिरणारं चाक, बसवलेलं होतं, आणि त्याला एक छोटी मूठ. मागच्या नाडीचा दोर काखेखालून फिरून त्यावर गुंडाळला होता. तू मूठ फिरवलीस. कट, कट, कट. पट्टा तुझ्या अंगावर आवळत गेला आणि तसाच राहिला. बाजूची एक कळ दाबलीस, आणि सैल पडला.

"फिरतं," तू म्हणालीस.

मी तुझ्याकडे बघू शकले नाही. ते मी काढून द्यायचं होतं. तू तीनदा मागितलं होतंस. मी कागदावर एका तासात काढलं असतं. तू आणि बस्त्यावभाऊंनी, सातवीच्या पुढे न शिकलेल्या दोघांनी, चार महिने खटपट करून, सहा फ्रीव्हीलं मोडून ते केलं. माझ्या चेहऱ्यावरून तुला कळलं असणार, कारण तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "तू फोटो घेऊन आली नसतीस, तर मला कसं सुचलं असतं? ते कपड्यांच्या वर घालतात हे मला कुठे ठाऊक होतं?"

दुपारी तुझ्या घरी जेवायला आलो, तेव्हा सेलीन वहिनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाल्या, "आज सकाळी हिने मला हाक मारली नाय. अठ्ठावीस वर्सांत पयल्यांदा मी उठून आधी चहा घेतला." आणि डोळ्याला पदर लावला. सुख होतं की हात रिकामे झाल्याचं काही होतं, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

मावशी, इथपर्यंतचं मी कितीही वेळा सांगू शकते. पुढचं अवघड आहे.

त्या संध्याकाळी मी तुझा फोटो आमच्या ग्रुपच्या पानावर टाकला. खाली चार ओळी लिहिल्या, तुझ्या पट्ट्याबद्दल, तेराव्या वर्षाबद्दल, वहिनींबद्दलसुद्धा. तुला विचारलं नाही. मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट जगाला दिसायला हवी. हजारो लोकांनी पाहिला. चौथ्या दिवशी सकाळच्या मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या आवारात कुणीतरी तुझ्यापुढे मोबाइल धरला. मी शनिवारी आले, तेव्हा तू मशीन थांबवली नाहीस.

"माझी पाठ मी दाखवली," तू म्हणालीस. "तू नाय दाखवायची."

मी म्हणाले, "मावशी, सगळ्यांनी किती कौतुक केलंय, वाच तरी."

"किल्ल्यात जे होते त्यांना मी दाखवली. मी बघितलं कोन कोन आहे, मग शाल काढली. तू कोनाला दाखवलीस, तुला माहितेय?"

मी तिथल्या तिथे फोटो काढून टाकला. पण माफी मागितली नाही. मनात मी तुझ्याशी भांडतच होते, की मी चांगल्यासाठीच केलं. दोन शनिवार मी आले नाही. तिसऱ्या शनिवारी तुझा फोन आला, "तुझी बाही राहिलीय, ये." मी आले, तू बाही लावलीस, चहा झाला. पुन्हा तो विषय निघाला नाही. एकदा मी विचारलं, चर्चला जाताना पट्टा आतून का घालतेस? तू म्हणालीस, "देवाला ठाऊक आहे. त्याला काय दाखवायचं!" आपण दोघी हसलो, आणि मला वाटलं, मिटलं. मिटलं नव्हतं. मी ते माफीचं वाक्य तोंडातून काढलंच नव्हतं.

गणपतीच्या सुमारास तुझा खोकला वाढला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं, कणा वाकतो त्या बाजूच्या फुप्फुसाला आयुष्यभर जागाच मिळालेली नसते. एवढ्याशा श्वासावर तू चाळीस वर्षं नवऱ्या सजवल्यास आणि आम्हाला पोटभर श्वास घेता येईल असे कपडे शिवलेस. शेवटच्या संध्याकाळी तू तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणालीस, "घरी जा आता. महेशला भूक लागली असेल." मी उद्या येते म्हणाले. पहाटे बस्त्यावभाऊंचा फोन आला.

शवपेटीत ठेवताना पट्टा घालायचा का, असं कुणीतरी विचारलं. माझ्या मनात होतं, घाला, बाहेरून घाला. मी बोलले नाही. बोलायचा हक्क वहिनींचा होता. त्यांनी तुझ्या अंगावर पांढरा झगा नीट केला, पाठीखाली उशी सारली आणि म्हणाल्या, "आता नको. आता राहू दे मोकळी." आमचा ग्रुप आला होता. तुझ्या हातचे काळे कोट घालून, टोप्या हातात धरून सगळे चर्चच्या दाराबाहेर अवघडून उभे होते. म्हातारी माणसं वळून बघत होती. बस्त्यावभाऊ बाहेर आले, एकाच्या बाहीवरून हात फिरवला, शिवण ओळखली आणि म्हणाले, "बाहेर का? आत या."

आता ती मुद्दाम ठेवलेली गोष्ट. तुझा फोटो सहा दिवस पानावर होता, तेव्हा मला एका बाईचा मेसेज आला होता. 'माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला पाठीचा पट्टा लागतो, शाळेत जायचं नाही म्हणते. या बाई कोण आहेत? भेटता येईल का?' नालासोपाऱ्याच्या होत्या. तुझ्या घरापासून असा कितीसा रस्ता! मी उत्तर दिलं नाही. तुला सांगितलं असतं, तर पुन्हा त्या फोटोचं निघालं असतं, आणि मग मला माफी मागावी लागली असती. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या संध्याकाळीही तो मेसेज माझ्या पर्समधल्या मोबाइलमध्ये होता. उद्या दाखवू म्हटलं. तुला त्या मुलीचं कळलं असतं, तर तू काय केलं असतंस, ते मला माहीत आहे.

काल मी त्या बाईंना फोन केला. त्या तर विसरूनही गेल्या होत्या. आज सकाळी गेले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, मुलगी सानिका, आता चौदाची. प्लॅस्टिकचा पांढरा पट्टा, वरून वडिलांचा ढगळ शर्ट. शाळेत जाते, पण पीटीच्या तासाला वर्गात बसून राहते. मी सांगितलं, पट्टा डॉक्टरांचाच राहील, त्याला मी हात लावणार नाही. पण त्यावर नीट बसेल असा एक कोट शिवून देईन, तुला हवा तसा. तिने मोबाइलवर आमच्या ग्रुपचे फोटो पाहिले, बराच वेळ. मग म्हणाली, "पाठीला उघडा ठेवता येतो?"

तिची आई म्हणाली, "अगं, सगळ्यांना दिसेल."

"बटणं लावा," सानिका मला म्हणाली. "सध्या बंद ठेवीन. मला वाटलं तर उघडीन."

मी तिच्या पाठीवर तळवे ठेवले, श्वास घ्यायला लावला, बोलायला लावलं. ती आपल्या वर्गातल्या मुलींची नावं सांगत गेली. माझं माप चुकलं असेल, मावशी. पुन्हा घेईन.

निघताना ती म्हणाली, "आईने एका आजींचा फोटो पाहिला होता. आहे तुमच्याकडे?"

फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. पानावरून काढला, पण पुसला नाही. मी तो तिला दाखवला असता, तर तिने दोन मिनिटांत जे पाहिलं असतं, ते मला कितीही बोलून सांगता येणार नाही. माझा हात पर्सपर्यंत गेलाही होता.

"आहे," मी म्हणाले. "पण दाखवता येणार नाही."

"का?"

"त्यांना विचारायचं राहिलं."

तिचा चेहरा पडला. मग मी पर्स खुर्चीवर ठेवली, उठले, आणि त्यांच्या त्या छोट्या हॉलमध्ये, टीव्हीपासून दरवाजापर्यंत, तू किल्ल्यात कशी चालत आलीस ते तिला चालून दाखवलं. उजवा खांदा वर, मान सरळ, हात सैल, कसलीही घाई नाही. सानिका पलंगावर पुढे सरकून बसली होती. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन थांबली होती.

"परत एकदा," सानिका म्हणाली.